आबांच्या झाडावरचा लाल कोळी

आमच्या गोठ्यामागं गांजाचं एक झाड होतं. झालं, सांगून टाकलं एकदाचं! सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते तुरीच्या आडोशाला लावलं होतं आणि मला त्याचा भारी राग यायचा. आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. रानोमाळ हिंडताना चिलीम ओढायची सवय होती. पुढं मेंढरं विकली, घोडनदीच्या काठाला शेती धरली, चिलीमही सुटली. मग तो आजार आला आणि हाडात उतरला. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. गोळ्यांनी दुखणं हटेना, तेव्हा आबांनी एका जुन्या सोबत्याकडून बी मागवलं. मला म्हणाले, "बाई, तुरं धरलं की वाटून दुधातनं दे. तेवढाच डोळा लागंल."

आमचे मालक रांजणगावला कारखान्यात होते. ते घाबरायचे. "एका झाडापायी हातात बेड्या पडतील. दिवाळीपर्यंत ऱ्हाऊ द्या, मग मीच उपटतो," असं त्यांनी बापाला तोंडावर सांगितलं होतं. आणि झाडाला पाणी घालायचं कुणी? मी. आबांचं अंथरूण, गोठा, वांग्याची तोडणी, आणि वर हे. मी झाडाशी भांडायची अक्षरशः. "मर एकदाचं," म्हणून बादली ओतायची.

ऑक्टोबरात ऊन चटका देत होतं आणि कॅनॉलच्या पाण्याचं आवर्तन लांबलं. झाडाला तुरे फुटले आणि त्याच आठवड्यात त्यानं मान टाकली. पान उलटून बघते तर खाली बारीक जाळी, आणि जाळीत लाल ठिपके चालतायत. आमच्या वांग्यावर यायचा तोच लाल कोळी. मी आबांना जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. दुखण्यानं कळवळताना मी त्यांना बघितलं होतं, पण असं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"रिठं भिजव," ते म्हणाले. "त्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान खालनं पूस. धा दिस कर. जगंल."

चार दिवस पुसली. रोज सकाळी तासभर, वाकून वाकून. मान धरली, कंबर धरली. आज पुसलेल्या पानावर उद्या पुन्हा ठिपके. पाचव्या दिवशी वांग्याला फवारून आले, पाठीवर पंप होता, पंपात थोडं औषध उरलं होतं. आबांचा डोळा लागला होता. म्हटलं, कशाला हा जाच? आणि मारला फवारा झाडावर, वरनं खालनं, तुऱ्यांसकट.

आता नीट ऐका. आमच्या वांग्याच्या रानात कडेच्या दोन सऱ्या घरच्या होत्या. त्यांच्यावर आम्ही औषध कधी मारत नव्हतो. किडकी तर किडकी, पण घरात तीच वांगी शिजायची. बाकीचं सगळं रान बाजाराचं. सगळ्या आळीची तीच रीत. इतकं कळत असून मी त्या झाडावर फवारा मारला, कारण ते कुणाच्या पोटात जायचंय हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. माझ्या लेखी ती एक पीडा होती.

कोळी मेला. कॅनॉललाही पाणी सुटलं. आठवड्यात झाड असं टवटवीत झालं की बघत राहावं. आबांनी खाट गोठ्याच्या बाजूला ओढून घ्यायला लावली. "बघ, जगलं! तुझ्या हाताला गुण हाय गं," म्हणाले. पहिल्यांदाच कौतुक केलं माझं, आणि मी मेली फुशारले! मग ते म्हणाले, "उद्या पयला तुरा वाट."

वाट, म्हणाले, आणि तेव्हा कुठं ते माझ्या डोक्यात शिरलं. ते औषध झाडात भिनणारं होतं, धुऊन जाणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुरा खुडला, पाट्यापर्यंत नेला आणि तसाच हातात घेऊन खाटेपाशी जाऊन बसले. "आबा, मी फवारा मारलाय. वांग्याचा."

मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं. त्यांनी हळूच विचारलं, "वांग्याला मारतीस तेवढाच?"

"व्हय."

"आन् ती बाजारातली वांगी कोण खातं गं?"

आबांनी तुरा माझ्या हातातनं घेतला, वास घेतला आणि परत दिला. "उपट. शेरडाच्या तोंडाला लागंल न्हाईतर. खोल पूर."

मी उपटलं. मूठभर मुळ्या, त्यांना ओली माती. खड्डा खणून पुरताना रडू आवरेना.

संध्याकाळी मालक आले. झाड दिसेना म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार, तोच आबा म्हणाले, "मीच उपटाय लावलं. पोराच्या नोकरीवर बालंट नगं." मालकांचे डोळे भरून आले. त्यांनी बापाचे पाय धरले आणि मी भिंतीला टेकून गप्प उभी राहिले.

त्यानंतर आबा सव्वा महिना होते. कळ आली की उशीचं टोक दातात धरायचे. झाडाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी पाय चेपत बसायची आणि ते माझ्याकडं न बघता छताकडं बघत राहायचे.

दहाव्याला बायका म्हणाल्या, सासऱ्याचं एवढं करणारी सून मिळायला नशीब लागतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आमचे मालक अजून चारचौघांत सांगतात की बापानं शेवटची झोपसुद्धा माझ्या नोकरीसाठी सोडली, आणि मी तिथंच बसलेली असते.