उकळलेल्या चिखलातला मासा

आमच्या घरात बिरोबाचा कौल घेतल्याशिवाय मेंढरं जागची हलत नसत. त्यामुळेच असेल कदाचित, पण मी लहानपणापासून या सगळ्याच्या उलट. भूत, भानामती, अंगात येणं... मला कधी पटलंच नाही. पुढे जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. तेव्हा हे वाचून कुणाला हसू आलं तर माझी अजिबात हरकत नाही.

गोष्ट १९७२ सालची, साताऱ्यातली. मी आटपाडी तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. सायन्सच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन होस्टेलवर राहत होतो. मी 'आमी', 'न्हाई' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी तसंच म्हणून दाखवायचं. पण बायॉलॉजीचा तास सुरू झाला की मी ते सगळं विसरायचो. कांद्याचा पातळ पापुद्रा पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितला, तर आत विटा रचाव्यात तशा पेशी! भाकरीबरोबर बुक्कीनं फोडून खायचा कांदा तो... त्यात एवढं बांधकाम असेल असं कुणाला वाटेल? मेंढरालासुद्धा लॅटिन नाव आहे हे कळलं, त्या दिवशी तर मला आमच्या कळपाचा उगीचच अभिमान वाटला होता.

हे सगळं शिकवायचे खासनीस सर. उंच, काटकुळे, शिस्तीचे. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीला निघताना त्यांनी सांगितलं, प्रत्येकानं आपापल्या गावच्या तळ्याचं पाणी बाटलीत आणा, त्यातले सूक्ष्मजीव बघू.

माझा रूममेट सदाशिव कडेगावचा, ऊसवाल्यांतला. त्यानं हिरवंगार पाणी आणलं. आमच्या तळ्यात मात्र दोन वर्षं थेंब नव्हता. मी तळातलं एक वाळकं ढेकूळ फडक्यात बांधून आणलं. वर्ग पोट धरून हसला. सर हसले नाहीत. ढेकूळ उलटंपालटं करून म्हणाले, "आज यावरच शिकू."

त्यांनी ढेकळाचे दोन भाग केले. एक भाग काचेच्या चंबूत, आधी उकळून गार केलेल्या पाण्यात टाकला. दुसरा भाग दुसऱ्या चंबूत पाण्यासकट बर्नरवर ठेवला, पिठल्यासारखा रटरटेपर्यंत. पहिल्या चंबूत झोपलेले जीव जागे होतील, त्यांनी समजावलं, आणि दुसरा कायमचा मेलेला राहील. कारण सजीव हा सजीवापासूनच निर्माण होतो. मग दोन्ही तोंडांना कापूस, वर कापड, दोरा. उकळलेल्या चंबूच्या दोऱ्यावर तर लाखेचं सीलही, कारण पोरांच्या खोड्या त्यांना ठाऊक होत्या. दोन्ही चंबू कपाटात गेले आणि किल्ली सरांच्या खिशात.

थोड्याच दिवसांत पहिल्या चंबूतला थेंब आम्ही मायक्रोस्कोपखाली घेतला... आणि काय सांगू! नुसती लगबग. दुष्काळातल्या आमच्या तळ्यातली ती बारकी बारकी प्रजा गरागरा फिरत होती. त्या दिवशी मला कुणी हसलं नाही.

पण त्याच आठवड्यात माझ्या वडिलांचा, आबांचा निरोप आला. माझा थोरला भाऊ पलटणीत भरती झाला होता. मेंढरं चाऱ्यासाठी कऱ्हाडच्या बाजूला नेलेली, एकट्या आबांना ती आवरेनात. ते मला न्यायला येणार होते. मी ट्रंक भरून ठेवली. सदाशिव रात्रभर जाऊ नकोस म्हणत होता, पण आबांपुढं मी काय बोलणार?

सकाळी शेवटचं म्हणून प्रॅक्टिकलला गेलो. सरांनी कपाट उघडलं. उकळलेल्या चंबूतला गाळ खाली बसून वरचं पाणी नितळ झालं होतं — आणि त्या पाण्यात काहीतरी हललं. मी वाकून बघितलं. बोटाच्या पेराएवढा मासा. चांदीसारखा, शेपटीजवळ काळा ठिपका. मजेत गोल गोल फिरत होता.

सरांनी चंबू उजेडात धरला. हे कुणी केलं, असं शांतपणे विचारलं. मग त्यांनी लाख तपासली. सील अखंड होतं, कापूस कोरडा. सर खुर्चीत बसले, म्हणाले, "अहो, मी उकळलं होतं हे..." आणि एकदम हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग सगळा वर्गच हसत सुटला.

तेवढ्यात दारात आबा उभे. तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं. सदाशिवनं पुढं होऊन ते का आलेत हे सरांच्या कानात सांगितलं. सरांनी आबांना आत बोलावलं, चंबू दाखवला, सगळी हकिगत सांगितली. आबा बराच वेळ त्या माशाकडं बघत राहिले. आमच्या तळ्यात असलेच ठिपक्याचे मासे असायचे, म्हणाले.

"मास्तर, ह्यो जगंल न्हवं?"

"जगेल की," सर म्हणाले. "पण रोज लक्ष द्यायला कुणीतरी हवं."

आबांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तळं तुज्यामागं हितवर आलं. आन् तू माघारी कशापायी येतूस? ऱ्हा हितंच. मेंढरांचं मी बगतो."

दुपारच्या एस्टीनं ते एकटेच परत गेले. मेंढरांसाठी चुलतभावाला आणलं म्हणून नंतर कळलं. मी ट्रंक रिकामी करताना शीळ घालत होतो, असं सदाशिव आजही सांगतो.

मासा वर्षभर लॅबमध्ये जगला. पुढच्या साली तळं भरल्यावर तो सोडायला सर स्वतः आटपाडीला आले. एस्टीत काचेची बरणी मांडीवर घेऊन बसले होते. आमच्या घरी भाकरी खाल्ली आणि एका कोकराला अर्धा तास मांडीवरून उतरवलं नाही.

सरांनी तो प्रयोग नंतर अनेकदा केला, मीही केला. उकळलेल्या चिखलातून पुन्हा कधीही काही आलं नाही. सदाशिवनं काही केलं असेल का? त्यानं आईची शपथ घेतली, आणि सील तर आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. उकळल्यावर माशाची अंडीही जगत नाहीत.

दरवर्षी मी फळ्यावर लिहायचो — सजीव हा सजीवापासूनच निर्माण होतो. एखादी चौकस मुलगी विचारायची, "सर, नेहमीच?"

मी म्हणायचो, "परीक्षेत, नेहमीच."