अक्काने घसरून पाहिलेली फरशी

फोन जळगावहून होता, अक्काच्या शेजारच्या वहिनींचा. "ताई, लगेच निघा," एवढंच त्या म्हणाल्या आणि मला कळलं. धुळ्याहून जळगावात, मेहरूणला अक्काच्या घरी पोचेपर्यंत मी एसटीच्या खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत काहीच नव्हतं. माझी थोरली बहीण सकाळी अंघोळ करून, स्वतःच्या हाताने चहा करून खुर्चीत बसली आणि बसल्या जागी गेली. कप रिकामा होता म्हणे. चहा अर्धवट टाकून उठणाऱ्यांतली ती नव्हतीच! त्या दिवशी मी खूप रडले, पण रडताना अभिमानाने ऊरही भरून येत होता. बाई आपल्या घरातून गेली. आणि हे घर तिने कसं राखलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाऊजी गेल्यावर ती एकटीच राहायची. एका सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला आणि मनगट मोडलं. निलेश, तिचा मुलगा, पुण्याहून धावत आला. पोरगा गुणाचा, पण घाबरलेला. "बस झालं आई, आता घराला कुलूप. माझ्याकडे चल," तो म्हणाला. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून अक्का शांतपणे म्हणाली, "पडले ते फरशीमुळे. फरशी बदलते. मग येऊन बघ, आणि तुला पटलं नाही तर मी स्वतः कुलूप लावीन." त्याच्यासमोर ती अशी शुद्ध बोलली, पण स्वयंपाकघरात आल्यावर आमची माहेरची अहिराणी तोंडात आली. "मनं घर सोडीसन मी कोठे जाऊ वं?" घर सोडून जायचं म्हणताना तिचा आवाज कापला. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती… मी आठवडाभरासाठी आले होते, तो मुक्काम लांबला.

मग सुरू झाली ठेकेदाराची निवड. मुलीसाठी स्थळं बघतानाही आमच्याकडे इतकी चौकशी झाली नसेल. जो येईल त्याला अक्काचा एकच प्रश्न, "तुमचं सगळ्यात जुनं काम कुठे आहे?" एकाने मोबाईलवर फोटो दाखवले. ती म्हणाली, फोटोत कोणी घसरत नाही. दुसरा कालच संपवलेला बंगला दाखवतो म्हणाला. "नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं," असं म्हणून तिने त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं. सुकलालभाऊ तेवढे डोकं खाजवून म्हणाले, "फैजपूरले शे एक. पण लई जुनं शे, अक्का." झालं, आम्ही फैजपूरला! केळीच्या बागायतदाराचं घर, घरात पाहुणेरावळे, आणि दोन अनोळखी बायका म्हणतात, आम्हाला तुमचं बाथरूम बघायचंय. त्या घरची सून पदर तोंडाला लावून हसत होती. अक्काने चपला काढल्या, तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उभी राहिली. सगळं पाणी सरळ जाळीकडे गेलं. परतीच्या वाटेवर तिने सुकलालभाऊंना काम देऊन टाकलं.

टाईल्सच्या दुकानात तर मला मान वर करायची सोय राहिली नाही. शेठ मोठ्या हौसेने चकचकीत माल दाखवत होते, "अक्का, तोंड दिसेल यात!" अक्का म्हणाली, "तोंड बघायला आरसा आहे घरी. थोडं पाणी आणि साबण आणा." शेठना वाटलं थट्टा चाललीय. पण तिने खरंच टाईल्स जमिनीवर मांडायला लावल्या, त्यावर साबणाचं पाणी शिंपडलं आणि मला हाक मारली, "मना हात धर. पाय घसरस का देखू दे." भर दुकानात, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, माझी बहीण एकेका फरशीवर अनवाणी उभी राहून पाय सरकवून बघत होती. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मी लाजेने अर्धी झाले होते आणि तिच्या गावीही नव्हतं. शेवटी एका खरबरीत, राखाडी, दिसायला अगदीच सुमार फरशीवर तिचा पाय सरकेना. "ही," ती म्हणाली.

काम मात्र सरळ झालं नाही. फरशी बसवून झाली आणि सुकलालभाऊ हात धुवायला निघाले, तोच अक्का तांब्या घेऊन आली. पाणी ओतलं. बहुतेक सगळं वाहून गेलं, पण दाराजवळच्या कोपऱ्यात थोडं थबकलं. सुकलालभाऊ म्हणाले, "इतलं ते चालस, अक्का." अक्का म्हणाली, "तुमले चालस भाऊ, मना पायले चालत नही." ते चिडले, बाहेर जाऊन बसले. मी तिला म्हटलं, जाऊ दे आता, पुसून घेत जा. तिने ऐकलं नाही. मग ती स्वतः चहा घेऊन त्यांच्याजवळ गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण भाऊ उठून आत आले आणि सिमेंटचा माल ओला आहे तोवर त्यांनी तो कोपरा उखडून पुन्हा बसवला.

निलेश आला तेव्हा तिने काही सांगितलं नाही, फक्त अंघोळ करून ये म्हणाली. तो डोकं पुसत बाहेर आला आणि कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं अक्का त्या घरात एकटी, ताठ राहिली. सुकलालभाऊ नवीन गिऱ्हाईक मिळालं की त्याला घेऊन तिच्या दारात हजर. ती चहा पाजायची, बाथरूम दाखवायची आणि वर भाऊंच्या देखत सांगायची, "काम झालं की पाणी ओतून बघा बरं, यांच्या तोंडाकडे बघू नका!"

अक्का गेल्यावर दारावर बसायला सगळे येऊन गेले, तेव्हा सुकलालभाऊही आले होते. घटकाभर बसले, गेले. परवा निलेश आणि मी घर आवरत होतो, तर ते फाटकाशी उभे. सोबत एक नवराबायको. आम्हाला बघून ओशाळले, "यांना आधीच शब्द देऊन बसलो होतो… राहू द्या, नंतर येऊ." निलेश म्हणाला, "नंतर कशाला? या ना भाऊ." तो पुढे झाला, बाथरूमचा दिवा लावला, चपला काढायला सांगितल्या. ती बाई आत जाऊन पाय दाबून बघत राहिली. मग तिने विचारलं, "छान आहे हो. सगळं भाऊंनीच केलंय ना?"

"माझ्या आईने," निलेश म्हणाला.

सुकलालभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली.