फॅन बंद, चौदा मिनिटं

माझं शेवटचं पोस्टिंग राजस्थानात, वाळवंटातल्या लष्कराच्या एका फील्ड वर्कशॉपला होतं. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. ०५३० ला पीटी, ०८०० ला वर्कशॉप परेड, मग दिवसभर गाड्या. नाईक देवानंद आमच्याच युनिटचा ड्रायव्हर. तो लांजीचा, मी बालाघाटचा, एकाच जिल्ह्यातले. सुट्टीवर आम्ही बरोबर यायचो. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. मला पेन्शनवर येऊन सहा वर्षं झाली.

गेल्या मे महिन्यात एका रविवारी ११४० ला त्याची बायको, सुनंदावहिनी, माझ्या घरी गाडी घेऊन आली. ती लांजीला शाळेत शिकवते. ही जुनी कार तिने दोन महिन्यांपूर्वीच घेतली होती.

"भाऊजी, गाडी गरम होऊन राह्यली. रस्त्यात दोनदा थांबली मी."

"रेडिएटरचं झाकण उघडलं काय?"

"नाही."

"बरं केलं. भाजलं असतं."

तासभर इंजिन थंड होऊ दिलं. कूलंटची लेव्हल बरोबर होती. इंजिन सुरू केलं. टेम्परेचरचा काटा चढत गेला, रेडिएटरचा फॅन हलला नाही. इंजिन बंद करून फ्यूज काढून पाहिला. ठीक होता. फॅनला करंट जोडणाऱ्या रिलेच्या जागी हॉर्नचा रिले लावून पाहिला, दोन्ही सारखेच असतात. फरक नाही. मग फॅनचा प्लग सोडवला आणि दोन वायरी थेट बॅटरीवरून दिल्या. फॅन फिरला. म्हणजे मोटर चांगली, बिघाड मधल्या वायरिंगमध्ये.

वहिनी बाजूला उभी राहून पाहत होती.

"तो गेला त्या दिवशीही असंच केलतं काय?"

"कोणी सांगितलं तुले?"

"अँब्युलन्सचा ड्रायव्हर आलता मागच्या महिन्यात. गाडी थांबलती म्हणे. तुम्ही तं कधी बोललेच नाही."

मी वायरी काढल्या. मग तिला सांगितलं.

त्या दिवशी एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव होता. १३१० ला देवानंदचा थ्री टन ट्रक वाळूच्या उतारावर उलटला. त्याच्या पोटाला जबर मार लागला. १३२५ ला आम्ही त्याला अँब्युलन्समधून घेऊन निघालो. ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट आणि मी. हॉस्पिटल सव्वा तासावर होतं. १४०२ ला काटा लाल रेषेवर गेला. फॅन बंद होता. तशीच पुढे रेटली असती तर इंजिन जाम झालं असतं. गाडी थांबवायला मी सांगितलं.

रेडिओवर विचारणा झाली.

"का थांबलात? ओव्हर."

"गाडी गरम. फॅन बंद. पंधरा मिनिटं लागतील. ओव्हर."

"दुसरी गाडी पाठवू? ओव्हर."

"तिला यायला चाळीस मिनिटं लागतील. नको. ओव्हर."

फ्यूज पाहिला, रिले पाहिला, शेवटी बॅटरीवरून थेट वायर दिली. रेडिएटर लवकर थंड व्हावा म्हणून पाण्याचा जेरीकॅन घ्यायला मी मागचं दार उघडलं. देवानंद शुद्धीत होता. माझ्या हातातला कॅन पाहून म्हणाला, "दादा, पाणी." नर्सिंग असिस्टंटने नकारार्थी मान हलवली. पोटाच्या अशा दुखापतीत तोंडाने पाणी देत नाहीत. मी कॅन घेऊन पुढे गेलो आणि ते पाणी रेडिएटरवर ओतलं.

१४१६ ला निघालो. १४४० ला रस्त्यातच तो गेला. १४५५ ला पोहोचलो. चौदा मिनिटांनी फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

हे मी वहिनीला वेळांसकट सांगितलं. पाण्याचंही सांगितलं. सांगताना मला काही वाटलं नाही. त्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी संध्याकाळी जेवलो होतो.

ती म्हणाली, "मले वाटे, शेवटी त्याच्याजवळ गावाकडचं कोणीच नव्हतं."

"मी होतो."

"हौ."

मी माफी मागितली नाही. टेम्परेचर सेन्सरचा प्लग उघडला, आत हिरवा गंज चढला होता. सँडपेपरने पिना घासल्या आणि सगळे प्लग जागच्या जागी बसवले. इंजिन सुरू केलं. काटा निम्म्याच्या थोडा वर गेला आणि फॅन आपोआप लागला. दीड मिनिटाने बंद झाला. पुन्हा लागेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.

"भाऊजी, तो गाडी कशी चालवे? आमच्याकडे गाडी नव्हतीच. मी त्याच्या बाजूले कधी बसलीच नाही."

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, ब्रेक तो कमी लावायचा. वळण यायच्या बरंच आधी गिअर उतरवायचा. कॉन्व्हॉयमध्ये आमची गाडी नेहमी थोडी मागे राहायची, त्यावरून तो बोलणीही खायचा. बारा-बारा तासांची ड्यूटी करून माणसं मागे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली असायची. नाईक देवानंद गाडी चालवत असला की त्यातलं कोणी जागं होत नसे.