रेमंडची बहीण

बर्नडीन कोलेसार आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक करत होती. केसांवर जाळी, हातात पळी आणि तोंड भलतं फटकळ. लोण्यात परतलेला कोबी आणि शेवया तिच्या हातच्याच खाव्यात, असं गाव म्हणायचं. निवृत्त झाल्यावर दर निवडणुकीला ती अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मतदारयादी घेऊन बसायची. शेजारच्या खुर्चीवर मी. आमच्या दोघींचे बाप एकाच खाणीत होते, त्यामुळे पक्षही एकच. तो बदलायचा असतो हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिचा भाऊ रेमंड तिच्याहून आठ वर्षांनी लहान. बाप खाणीत दगावला, आईने अंथरूण धरलं, तेव्हा अकरा वर्षांच्या रेमंडला टेकडीवरच्या मुलांच्या वसतिगृहात ठेवलं. ते चर्चचं होतं, चालायचं सरकारी अनुदानावर; मुलांना सांभाळायचे चर्चचे व्रतस्थ सेवक, ज्यांना सगळे ब्रदर म्हणायचे. ईस्टरला तो घरी आला. बर्नडीन भांडी घासत होती. तो तिच्या पाठीमागे येऊन म्हणाला, "बर्नी, तिथले एक ब्रदर मला खोलीत बोलावतात. मला परत पाठवू नको."

"अभ्यास नको म्हणून काहीही सांगतोस होय रे? देवाच्या माणसाबद्दल असं बोलतात?"

एकोणीस वर्षांची होती ती. दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला गाडीतून नेऊन सोडलं. दाराची कडी तो सोडत नव्हता. एकेक बोट उकलून काढावं लागलं. हे तिने मला सांगितलं, पण फार उशिरा.

रेमंड मोठा झाला, ट्रक चालवायला लागला आणि प्यायला लागला. लग्न दोन वर्षांत मोडलं. दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा, पण चर्चच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. त्याच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी चौकशीचा अहवाल बाहेर आला. वसतिगृहाचं नाव टीव्हीवर झळकलं. तिथे मुलांवर काय अत्याचार होतात ते बिशपच्या कचेरीला माहीत होतं, सरकारी तपासनिसालाही माहीत होतं, आणि तो ब्रदर फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी बदलला जात होता. रेमंड ताटावरून उठला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

त्याला खटला भरता येत नव्हता. कायद्याने वयाची तिशी ही मर्यादा होती. ती काही काळापुरती उठवावी असं विधेयक आलं होतं, आणि त्यावर सही करणार होता नवा गव्हर्नर.

आमच्या पक्षाचा उमेदवार होता ग्रँट व्हिटलॉक. तो पूर्वी राज्याच्या बालकल्याण खात्याचा प्रमुख होता. वसतिगृहाचा शेवटचा तपासणी अहवाल त्याच्याच टेबलावर गेला होता.

"मी त्याला मत देणार नाही, मार्गी," बर्नडीन म्हणाली.

"मग दुसऱ्या पक्षाचा येईल. तो खाणकामगारांचा फुप्फुसांचा दवाखाना बंद करणार आहे. माझ्या नवऱ्याचं, जोचं, काय करू? ऑक्सिजनची नळी मी ओढू?"

"तुला काही म्हणाले का मी?"

आठ दिवस आम्ही बोललो नाही.

सप्टेंबरात व्हिटलॉक आमच्या हॉलमध्ये सभेला आला. रेमंड मागे भिंतीला टेकून उभा होता. प्रश्नांची वेळ आली तेव्हा बर्नडीन उठली.

"साहेब, त्या वसतिगृहाचा कागद तुमच्याकडे आला होता. तुम्ही काय केलंत?"

"बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो. त्या काळी पद्धतच वेगळी होती."

"पद्धत वेगळी असेल. मुलं तर मुलंच होती ना?"

कुणीतरी "बस खाली" म्हणालं. ती बसली नाही. "माझ्या भावाने मला सांगितलं होतं. मी त्याला खोटं पाडलं आणि स्वतः परत नेऊन सोडलं. माझं चुकलं, हे मी सगळ्यांसमोर म्हणते. आता तुम्ही म्हणा."

व्हिटलॉकने पाण्याचा घोट घेतला, विधेयकावर सही करण्याचं वचन दिलं. चुकलं मात्र म्हणाला नाही.

परतताना आम्ही तिघं एका गाडीत होतो. हॉलचे दिवे मागे पडले. मग मागून रेमंडचा आवाज आला, "शंभर माणसांना सांगितलंस, बर्नी. मला कधी सांगितलं नाहीस."

तिने गाडी कडेला घेतली. "रे, माझं चुकलं रे."

"चल," तो म्हणाला. "गाडी चालव."

नोव्हेंबरात तिने गव्हर्नरचा रकाना कोरा सोडला. मी व्हिटलॉकला मत दिलं आणि तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "जो कसा आहे?" व्हिटलॉक थोडक्या मतांनी निवडून आला.

विधेयक सभागृहात दीड वर्ष अडकलं. दारूने पोखरलेलं रेमंडचं यकृत तेवढी वाट पाहायला तयार नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बर्नडीन दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून असायची. त्याने तिला माफ केलं का, हे मी एकदा विचारलं. "मी माफी मागितली," ती म्हणाली, "त्याने माझा हात धरला. पण तापात माणूस कुणाचाही हात धरतो."

तो गेल्यावर पाच महिन्यांनी कायदा झाला. सहीच्या समारंभाला पीडितांच्या नातेवाइकांना बोलावलं होतं. मीच तिला घेऊन गेले. सही झाल्यावर व्हिटलॉक एकेकाला आठवण म्हणून पेन देत होता. तिच्यापुढे आला. "हे रेमंडसाठी."

"त्याला पेन नको होतं, साहेब. त्याला घरी राहायचं होतं."

पेन हातात तसंच धरून तो पुढच्या माणसाकडे वळला.

आता तिच्या घरी फोन येतात, त्याच वसतिगृहात लहानपणी राहिलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांचे. कुणाला दाव्याचा अर्ज भरायचा असतो, कुणाला नुसतं बोलायचं असतं. परवा मी तिथे असताना एक जण फोनवर सारखा म्हणत होता, हे खरं वाटणार नाही तुम्हाला. तिने खुर्ची ओढली.

"वाटेल," ती म्हणाली. "सावकाश सांगा. मला कुठे जायचं नाहीये."