टाकेमावशीचे सहाशे ग्रॅम

विमानाच्या पंखावर सात कंपन्यांची नावं होती, मालकाच्या लेकीचंही होतं. बारा हजार टाके घालणाऱ्या बाईचं तेवढं नव्हतं. शेडमध्ये सगळे तिला टाकेमावशी म्हणत. कागदासारख्या पातळ सौर पट्ट्या तारेने एकमेकींना जोडायच्या आणि सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने वर कथलाचा थेंब सोडायचा, हे तिचं काम. तीन वर्षं तेच. बोटांची टोकं कधीच बधिर झाली होती. चहा गरम की गार, ते तिला ओठाला लावल्यावर कळे.

निव्वळ उन्हावर उडायचं, म्हणजे मोटारींना जोर बेताचा. वजनाची चैन नाही. स्क्रूची डोकीसुद्धा तासलेली. उड्डाणाच्या आदल्या दिवशी विमान काट्यावर चढलं आणि सहाशे ग्रॅम जास्त भरलं.

इंजिनिअर खेकसला, "आले कुठून? आत कोणी जेवणाचा डबा विसरलंय का?"

"माझे आहेत, साहेब," मावशी म्हणाली. "प्रत्येक टाक्यावर मी दुसरा थेंब टाकलाय."

"कोणी सांगितलं होतं?"

"वडिलांनी. रेडिओ दुरुस्त करायचे ते. एका थेंबावर भागवलं की गिऱ्हाईक भांडायला परत येतं, म्हणायचे."

"अहो मावशी, हा रेडिओ आहे का!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मावशीला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. काहीच वाटलं नाही. टाके खरवडायचे तर दोन महिने जाणार, तोवर मोठे दिवस संपणार, विमान शेडमध्येच राहणार. तेवढ्यात तिच्या मुलाच्या वयाच्या वैमानिकाने आपले गरम होणारे हातमोजे बॅटरीसकट टेबलावर आपटले.

"घ्या. सहाशे दहा."

"वर थंडीने बोटं झडतील रे."

"तुमच्यासारखी होतील. चालेल."

दुसऱ्या दिवशी विमान उजाडताच उडालं आणि सूर्य कलताना उतरलं. वाऱ्याने पंख धनुष्यासारखे वाकले, पण एकही टाका सुटला नाही, असं इंजिनिअरने फोटोवाल्यांना छाती काढून सांगितलं. टाके कोणाचे, ते मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

मावशी शिडीपाशी उभी होती. वैमानिक उतरला, बोटं पांढरीफटक. तिने ती हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली.

"काही कळतंय का रे?"

"नाही. तुम्हाला?"

"मला कुठलं!"

ती चोळत राहिली.