माळेतला ठिपका

“लोकेशन हाय की!” असं म्हणून तो शर्टाच्या खिशावर दोन बोटं आपटायचा. खिशात फोन. बायको कुठं, लेकीची रिक्षा कुठं, गॅसचा टेम्पो कुठं, काहीही विचारा, उत्तर त्या खिशात. तुमच्याही गल्लीत असा एक जण असेलच. आमच्या तुळजापुरात तो माझ्या समोरच्या दारात राहायचा. आता तिथं भाडेकरू आहेत. मला तो मावशी म्हणायचा आणि एका पतसंस्थेत संगणकावर बसायचा.

मी त्याला हसायचे, पण मला तरी काय तोंड? आमच्याकडं पहिला फोन आला तेव्हा मी मॅट्रिक झालेली, स्वतःला लई शहाणी समजणारी सून. सोलापूरहून सासऱ्यांचा फोन आला की आधी डोक्यावर पदर घ्यायचा, चपला काढायच्या आणि मगच रिसीव्हर उचलायचा. गाव जितकं लांब, तितकं जोरात ओरडायचं. नांदेडच्या नणंदेशी बोलायला लागले की समोरच्या घरातलं तान्हं पोर दचकून रडायचं. ते पोर म्हणजे हाच.

त्याच्या घरात दिवा बटणानं लागत नव्हता, बोलून लागायचा. त्याची बायको म्हणायची, “मावशी, आमच्यात नेट गेलं की अंधार. काडेपेटी तेवढी माझ्या हुकमात हाय.” घरची टाकी भरली की त्याचा फोन ऑफिसात वाजायचा आणि ऑफिसातलं मशीन अडलं की जेवणाच्या ताटावर. उजव्या हातात भाकरी, डाव्या हाताचा अंगठा फोनवर. लेकीच्या गॅदरिंगला त्यानं तिचा अख्खा नाच फोनमध्ये घेतला. घरी आल्यावर पोरगी म्हणाली, “बाबा, मी तुमच्याकडं बघून हात केलता.” “थांब, बघतो,” म्हणाला, आणि फोन उघडून तो हात शोधत बसला.

त्याची आई आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी-शुक्रवारी हातात परडी, पाच घरी देवीचा जोगवा. म्हातारपणी तिला विसर पडायला लागला. आधी भाजीतलं मीठ गेलं, मग नातीचं नाव, मग घर. दोनदा ती भाविकांच्या गर्दीत हरवली आणि लोकांनी आणून सोडली. त्यानं नाना उपाय केले. हातात बांधलेलं घड्याळ तिनं नळावर काढून ठेवलं. दाराचा कॅमेरा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला बघून कोकलायचा, म्हणून त्यानंच त्याचा आवाज बंद केला. शेवटी त्याला सुचलं, आई अंघोळीलासुद्धा काढत नाही अशी एकच वस्तू आहे.

बायकोकडून त्यानं एक लहानसं यंत्र लाल कापडात शिवून घेतलं आणि माळेत ओवलं.

“अरे, देवीच्या माळेत यंत्र?” मी म्हटलं.

“ताईत समजा, मावशी.”

तेव्हापासून फोनवर आई म्हणजे एक निळा ठिपका. ताईत सारखा चार्ज करावा लागे. आई संध्याकाळी आरतीची गाणी ऐकत बसली की हा तिच्या पाठीमागं बसून माळेला वायर लावायचा आणि चार्ज होईतो तिचे केस विंचरायचा. खरं सांगू, मायलेकरांना इतकं जवळ बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

ते वैशाखातलं ऊन होतं. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात सासू दारातून गेली. हाकाटी झाली. आम्ही बायका निघालो, कुणी मंदिराकडं, कुणी बारवेकडं, कुणी गिरणीच्या बोळाकडं. तितक्यात ऑफिसातून त्याचा फोन आला.

“कुणी शोधू नका! आई सोलापूर रस्त्याला लागलीया. कुणाच्या तरी गाडीत बसलीया. म्या गाठतो.”

त्याच्या बायकोनं देवीला हात जोडले. बोळाच्या तोंडाशी गेलेल्या बायका तिथूनच परत फिरल्या. कुणीतरी चहा टाकला.

त्यानं मोटारसायकल पिटाळली आणि एका ढाब्यावर जीप गाठली. अक्कलकोटकडचं कुटुंब दर्शन करून परत चाललं होतं. ठिपका एका तरण्या बाईच्या गळ्यात होता. ती घाबरली.

“आजींनीच घातली की हो! गल्लीत भेटल्या, म्या पाया पडले, तर म्हणाल्या, ‘माझे पाय थकले गं, आता तू माग.’”

आराधीण माळ काढत नाही, हे खरं. पण थकली की पुढचीच्या गळ्यात घालते, हेही खरं. त्याच्या आईला अशीच एका म्हातारीनं माळ घातली होती, आणि तेव्हा हा तिचा पदर धरून उभा होता. फोनमधला ठिपका पळताना बघून त्याला ते आठवलंच नाही. आईला सगळ्याचा विसर पडला होता, तेवढं एक सोडून.

त्याचा दुसरा फोन आला आणि आम्ही पुन्हा धावलो. बंद गिरणीच्या पत्र्याखाली ती भिंतीला टेकून बसली होती. सावली सरकली होती, ती सरकली नव्हती. गळा मोकळा.

तो आला तेव्हा उन्हं कलली होती. त्याचा चुलता म्हणाला, “माळ तरी आणायची रं.”

“घातलेली माळ परत मागत न्हाईत, काका,” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आला आणि ओट्यावर बसला. शुक्रवार होता. मी शेजारी जाऊन बसले. फोन त्याच्या मांडीवर उघडा होता आणि त्यात कुठल्यातरी अनोळखी खेड्यातला रस्ता. ठिपका थोडा सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. मला आधी काही कळेना.

“जोगवा मागतीया ती,” तो हळूच म्हणाला. “हे तिसरं घर.”

आतून बायको म्हणाली, “परक्या बाईवर पाळत कशाला? बंद करा की ते.”

त्यानं ऐकलं नाही. ठिपका चौथ्या घरी बराच वेळ थांबला. तिथून निघाला, वळणावर आला आणि राखाडी झाला. ताईताचा चार्ज संपला होता.

“पाचवं घर राहिलं, मावशी.”

“घेतलं असंल की तिनं,” मी म्हटलं. “चार घरं मागून कुणी माघारी फिरतं का?”

त्यानं बोटांनी तो रस्ता मोठा केला, आणखी मोठा केला.

“दिसत न्हाय,” म्हणाला.