इमामाची मुलाखत

माझा थोरला भाई इंग्लंडमधल्या एका लहान गावात इमाम होता. आम्ही रत्नागिरीचे, आणि त्या मशिदीत येणारी बरीच कुटुंबंही आमच्याच बाजूची. चार वर्षांनी त्याचा व्हिसा संपला. नव्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, नंतर मुलाखत. परीक्षा तो दुसऱ्या खेपेला पास झाला आणि मुलाखतीची वाट बघत शारजात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटवर येऊन राहिला.

दुसऱ्याच दिवशी शेजारणीने विचारलं, माझ्या दोन मुलींना कुराण शिकवाल का. भाई हो म्हणणारच होता. माझ्या नवऱ्याने त्याला आत नेऊन सांगितलं, इथे परवानगीशिवाय घरी शिकवता येत नाही, आपण सगळेच अडचणीत येऊ. भाईने मान हलवली. पण त्यानंतर तो घरात नमाजही अगदी दबक्या आवाजात पढू लागला.

माझी लेक रोज त्याच्याकडून मुलाखतीची उत्तरं पाठ करून घ्यायची. "मामू, शॉर्ट आन्सर्स ओन्ली," असं बजावायची.

मुलाखतीच्या दिवशी मी रजा टाकली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. पडद्यावरच्या अधिकारी बाईंनी विचारलं, नवरा मारतो असं सांगत एखादी बाई तुमच्याकडे आली, तर काय कराल? पोलिसांकडे जायला सांगेन, हे उत्तर पाठ होतं. भाई मात्र अडखळत इंग्रजीत वेगळंच सांगू लागला. पहिल्याच वर्षी अशी एक बाई आली होती. त्याने तिला सबुरी धर म्हणून घरी पाठवलं. आठ दिवसांनी ती मोडलेला हात घेऊन परत आली, तेव्हा तो स्वतः तिला पोलिसांकडे घेऊन गेला.

"पहिल्यांदा माझं चुकलं," तो म्हणाला.

खलास, आता व्हिसा कसला मिळतोय, असं वाटलं.

लॅपटॉप बंद झाल्यावर मी त्याच्यावर चिडले. "पाठ केलेलं का नाही बोललास?"

"ती अजून त्या मशिदीत येते," भाई म्हणाला. "मी तिला काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक आहे."

पुढचे तीन आठवडे घरात कोणी तो विषय काढला नाही. इथे राहायची त्याची मुदत संपत आली. चार दिवस उरले असताना ईमेल आला. भाईला तो उघडवेना, म्हणून लेकीने वाचला. व्हिसा मिळाला होता. तो खुर्चीत बसला आणि लेकीकडून त्याने तो ईमेल पुन्हा एकदा वाचून घेतला.